चुन्याचं काम येणारा गवंडी हवाय, ठाण्यात – मदत करा
नमस्कार मंडळी, जांभळी नाक्याजवळ आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, सागाचे खांब, मंगलोरी कौलं, आणि आळीतल्या आम्ही सात-आठ घरांनी वर्गणी काढून सगळ्यांचीच दर्शनी बाजू नीट करायचं ठरवलंय. पण मागे कुणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारलं, त्यामुळे ओल आतच अडकली आणि आता बोट लावलं तरी विटेचा भुगा पडतो, बघवत नाही हो. जो कॉन्ट्रॅक्टर येतो तो पाडून नवीन बांधा म्हणतो, आम्हाला पाडायचं नाहीये. ठाणे, कल्याण, पनवेल कुठलाही चालेल, चुना भिजवून मळून काम करणारा जुना गवंडी ओळखीत आहे का कुणाच्या? खांबाचा कुजलेला बुंधा तेवढाच कापून नवा साग जोडणारा सुतारही हवाय. पावसाआधी घरं शाकारायचीत, प्लीज लवकर सांगा.