मायनर्स लेट्यूस उगवतच नाहीये

प्रश्न: भिंतीच्या सावलीत मायनर्स लेट्यूस या पालेभाजीचं बी टाकून तीन आठवडे झाले, एक कोंब नाही. माती ओलसर ठेवतेय. चुकतंय कुठे?

उत्तर: माती तापलेली असेल. हे थंडीचं रोप, गारवा आला की पुन्हा पेरा. सुरुवातीची पानं लांबट येतात, ती तण समजून उपटू नका. मी पहिल्या वर्षी उपटली, अजून हळहळ वाटते. पुढे देठाभोवती गोल पान बशीसारखं पसरतं आणि मधोमध इवली पांढरी फुलं येतात. त्या पानासाठीच मी पेरते!

दुसरं उत्तर: फुलांसकट कच्चंच खा, रसरशीत लागतं. कॅलिफोर्नियात १८४९ च्या सुमारास सोनं शोधणारे खाणकामगार स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) टाळायला हेच खायचे, नाव त्यावरूनच पडलं.

प्रश्नकर्ती: मग थांबते थंडीपर्यंत. अर्धं बी शिल्लक आहे.