‘दुसरा वापरकर्ता म्हणून चालवा’ : हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न : लिनक्स या संगणक प्रणालीची मदतपाने मराठीत आणतेय. एका ठिकाणी ‘प्रोग्राम दुसरा वापरकर्ता म्हणून चालवा’ असं लिहिलं. वाचून बाबा म्हणाले, “म्हणजे प्रोग्रामच वापरकर्ता होतो का?” दुसरं, ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ या त्रुटीसंदेशाला ‘पडदा उघडता येत नाही’ चालेल?

उत्तर १ : बाबांची शंका रास्त आहे. ‘म्हणून’ नेमकं कोणाला लागतं ते त्या वाक्यात कळत नाही. ‘दुसऱ्या खात्याच्या अधिकारात चालवा’ असं लिहा.

मात्र दुसऱ्या खात्याच्या अधिकारात काम करायच्या ‘सु’ आणि ‘सुडो’ या दोन आज्ञांना एकच क्रियापद वापरू नका. ‘सु’ म्हणजे परकायाप्रवेश : पासवर्ड त्या दुसऱ्या खात्याचा द्यायचा आणि पुढचं सगळं त्याच्याच अंगाने करायचं. १९८०च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात जन्मलेलं ‘सुडो’ मुखत्यारपत्रासारखं आहे. एरवी पासवर्ड आपलाच लागतो, काय करायची मुभा आहे ते आधी लिहून ठेवलेलं असतं आणि आज्ञा कोणी दिली याची नोंद राहते. ‘मुखत्यारी’ हा शब्द सातबाऱ्याच्या कामांमुळे गावोगाव माहीत आहे, तो इथे चपखल बसतो.

उत्तर २ : ‘पडदा’ नको. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो पद्धतीत (थोडक्यात ‘एक्स’) डिस्प्ले म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस मिळून. खात्याचे अधिकार बदलले तरी डिस्प्ले ज्याने लॉगिन केलं त्याचाच राहतो, म्हणून नवा प्रोग्राम दारात अडतो. आत जायला १२८ बिटांची एक गुप्त खूण, म्हणजे ‘मॅजिक कुकी’, दाखवावी लागते. ती लॉगिन केलेल्याच्या ‘एक्सऑथॉरिटी’ फाइलमध्ये असते आणि दुसऱ्या साध्या खात्याला ती फाइल वाचता येत नाही. तेव्हा तो संदेश ‘डिस्प्लेपर्यंत पोचता आलं नाही’ असा करा.

डिस्प्लेवर कोणाला प्रवेश द्यायचा ते ‘एक्सहोस्ट’ ही आज्ञा ठरवते. पण कृपा करून त्या पानावर ‘एक्सहोस्ट प्लस’चा सल्ला देऊ नका! त्याने दार सगळ्यांना उघडतं, आणि एक्समध्ये आत आलेला प्रोग्राम तुमचं टंकलेखनही वाचू शकतो, पासवर्डसकट. ‘एक्सहोस्ट’ला ‘एसआय, लोकलयूजर’ आणि खात्याचं नाव दिलं की त्या एकाच खात्याला प्रवेश मिळतो. काम झालं की तोही काढून घ्यायचा.

प्रश्नकर्ती : ‘अधिकारात’ घेतलं, बाबांना पहिल्या वाचनात कळलं. ‘मॅजिक कुकी’ला ‘प्रवेशखूण’ केलंय. ‘मुखत्यारी’ कोशात टाकतेय, सोबत सुडोचं उदाहरणही देते.