हँडल जोडू नका, बदलाच

मोटरसायकलच्या तुटलेल्या हँडलमध्ये आतून नळी घालून वेल्डिंग केले तर काम भागेल, असे काहीजण सुचवतात. या मताशी मी मुळीच सहमत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचा धातू पूर्वीसारखा राहत नाही आणि पुढची चीर बहुधा तिथेच, चालवणाऱ्याच्या लक्षातही न येता, वाढू लागते.

नवे हँडल घेण्याआधी जुने कुठे तुटले ते नीट पाहावे. क्लॅम्पच्या, म्हणजे हँडल घट्ट धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, कडेला किंवा वायर आतून नेण्यासाठी पाडलेल्या भोकापाशी ते तुटले असेल, आणि तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत व काळपट, तर उरलेला खरबरीत आणि ताजा दिसत असेल, तर चीर बरेच दिवस आतल्या आत वाढत होती असे समजावे. क्लॅम्पची कड धारदार असेल, तर ती नव्या हँडललाही तसेच खाईल. म्हणून तीही तपासावी.

कस्टम गाडीत, म्हणजे आवडीप्रमाणे भाग बदललेल्या गाडीत, मूळ मॉडेलच्या मापावर विसंबू नये. क्लॅम्पमधला व्यास व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजावा, २२, २५.४ आणि २८.६ मिमी ही नेहमीची मापे आहेत.

बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे. इंजिन सुरू ठेवून हँडल वळवताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आपोआप वाढत असेल, तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडते आहे किंवा चुकीच्या मार्गाने नेली आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय गाडी कृपया रस्त्यावर काढू नये.