सपाट नदीकाठच्या वाटेवर हात बधिर होतात, वाळूत चाक भरकटतं. सायकल बदलू का?

शिवारफेरी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे. पुढे १०० मिलिमीटर दबणारा हवेचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा चिमटा), टायर २.२ इंच, आत ट्यूब. उड्या, दगडी उतार ह्यात मला रस नाही. नदीच्या कडेकडेने जायचं, एखाद्या बांधावरून शेतात शिरायचं आणि गाडीवाटेने वळसा घालून परत नदीला लागायचं, एवढंच मला आवडतं.

वाट सगळी सपाट. तरी तासाभरात दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, बूड दुखायला लागतं आणि शेवटचा टप्पा रेटत न्यावा लागतो. तेवढंच अंतर चढउताराच्या रस्त्याने गेलो तर असं होत नाही. शिवाय वाळू लागली की पुढचं चाक हातात राहत नाही.

माझं वजन ७५ किलो. हवा दोन्ही चाकांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), टायरवर छापलेल्या आकड्याच्या जवळपास. फोर्क लॉक करून, म्हणजे दबू नये असा, ठेवतो, कारण वाट सपाटच आहे. टायर बदलू की सरळ हायब्रिड (रस्त्यासाठीची, अरुंद टायरची सायकल) घेऊ? आणि एक मित्र म्हणतो, आधी प्रवाहाच्या उलट जावं म्हणजे परतीला उतार मिळतो. ह्यात तथ्य आहे का?

दोनचाकी:
हायब्रिड घ्या. सपाट वाटेवर सस्पेन्शन म्हणजे नुसतं ओझं. नाहीतर निदान कमी गुट्ट्यांचे, अरुंद टायर टाका, सायकल लगेच हलकी पळेल.

काठाकाठाने:
मी वेगळं सांगेन. सायकल बदलू नका, टायरही राहू द्या. वाट पूर्ण डांबरी असती तर दोनचाकी म्हणतात ते पटलं असतं. पण वाळू, बांध आणि गाडीवाट आहे म्हटल्यावर तुमच्याकडे आहे तीच सायकल हवी.

अशा वाटांवर मी वर्षानुवर्षं हिंडते आहे. सपाट वाट सोपी असते, पण ती उसंत देत नाही. चढावर आपण मध्येच पेडलवर उभे राहतो, बूड सुटं होतं, हात सरकतात. उतारावर पाय थांबतात. नदीकाठी ह्यातलं काहीच होत नाही. एकच बैठक, एकच पकड आणि न थांबता पेडल. त्यामुळे सीट किंवा हँडल बसवण्यातला जो बारीक फरक डोंगरात खपून जातो, तो इथे तासाभरात अंगावर येतो.

पहिलं काम हवेचं. ५० फार आहे. टायरच्या कडेला असतो तो कमाल आकडा, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. तुमच्या वजनाला, आत ट्यूब असताना, मी पुढे २६ आणि मागे २९ पासून सुरुवात करेन. मागे थोडी जास्त, कारण बसल्यावर बराचसा भार मागच्या चाकावर येतो. टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकलीला आणि तुम्हाला वर उचलतो, आणि त्या उचलण्यात तुमचीच ताकद जाते. जरा मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि पुढे सरकतो. हात आणि बूड दोघांनाही तिथेच निम्मा आराम मिळेल. वाळूतही फरक पडेल, कारण टायर जास्त जागा व्यापतो आणि कमी रुततो.

खाली कुठवर जायचं ते सायकलच सांगते. दगडाच्या कडेवर रिम ठक्‌कन आपटल्याचं जाणवलं तर २ पीएसआय वाढवा. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर ते काट्याचं पंक्चर नव्हे. ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली आहे, म्हणजे हवा कमी पडली. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, गेज असलेला पंप वापरा. ह्या टप्प्यात तीन-चार पीएसआयचा फरक अंगठ्याला कळत नाही, चालवताना मात्र लगेच कळतो.

फोर्कचं लॉक उघडा. नदीकाठची वाट लांबून सपाट दिसते. जवळ जाऊन पाहा: गुरं ओल्या मातीतून गेलेली असतात, मग ऊन लागून ते खुरांचे ठसे विटेसारखे कडक होतात. वाटीएवढे खळगे, त्यांच्या कडा उभ्या, आणि असे शेकडो ओळीने. लॉक केलेल्या फोर्कने त्यावरून गेलात की सगळा मार तळहातांवर. लॉक फक्त गुळगुळीत रस्त्यासाठी आहे. तुम्ही नुसते सायकलवर बसल्यावर १०० मिलिमीटरपैकी १५ ते २० मिलिमीटर फोर्क दबला पाहिजे. त्याच्या नळीवर रबरी रिंग असेल तर ती खाली सरकवा, अलगद बसा, अलगद उतरा आणि मोजा. कमी दबत असेल तर फोर्कमधली हवा थोडी सोडा.

आता बोटं. करंगळी आणि अनामिका ह्या जोडीचा अर्थ स्पष्ट आहे. मनगटापासून तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नर्व्ह जाते, तिच्यावर दाब येतोय. (अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं असतं तर ती दुसरी नर्व्ह.) सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. सीटवर एक सपाट फळी ठेवा, तिच्यावर फोनमधलं लेव्हल मापक ठेवा आणि सीट आडवी करा. मग ब्रेकचे दांडे: हाताची बोटं दांड्यावर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा हवी, मनगट वर मोडलेलं नको. त्यासाठी दांडे थोडे खाली फिरवावे लागतील, एका षटकोनी पान्याचं काम आहे. बाहेरच्या बाजूला पंखासारखा रुंद टेकू असलेल्या ग्रिपा मिळतात, त्या तुमच्यासाठी खर्च करण्याजोग्या आहेत.

आणि चालवताना दर काही मिनिटांनी मुद्दाम उभे राहा, दहा-बारा पेडल मारा, हात उघडझाप करा. वाट हे करायला लावत नाही, म्हणून आपणच करायचं. उतरल्यावरही बधिरपणा दिवसभर टिकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सीटची उंचीही बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वात खाली नेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग तळव्याचा पुढचा भाग पेडलवर घेतला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

उताराचं म्हणाल तर मित्राचं गणित बरोबर आहे, पण फायदा नगण्य. मैदानातली नदी बहुतेकदा किलोमीटरमागे एक मीटरही उतरत नाही. युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठचा पासाऊ ते व्हिएन्ना हा प्रसिद्ध सायकलमार्ग तीनशे किलोमीटरहून मोठा आहे, आणि तेवढ्या अंतरात नदी दीडशे मीटरांपेक्षा कमी उतरते. तिथेही बहुतेक लोक प्रवाहाबरोबर जातात. पण सायकलस्वाराला जाणवतो तो पश्चिमेकडून पाठीवर येणारा वारा. उताराचा वाटा त्यात फार थोडा.

तुमची दिशा वाऱ्याने ठरवा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ किलोमीटरने जाताना समोरून तेवढाच वारा आला तर अवरोध चौपट होतो. नदीचं पात्र मोकळं, आडोसा नाही, म्हणून वारा तिथे पुरा लागतो. जाताना अंगात जोर असतो तेव्हा वारा समोरून घ्या आणि येताना पाठीवर. शेतातून जाणारा वळसा, जिथे झाडं आणि कुंपणं आहेत, तो समोरच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवता आला तर उत्तमच.

शिवारफेरी:
ताई, मनापासून आभार. सीटवर फळी ठेवून पाहिली, नाक चांगलंच खाली आहे. वाळूत नेमकं काय करायचं तेही सांगाल का? आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीतून बाहेर पडताना सायकल आडवी होऊ पाहते.

काठाकाठाने:
वाळू समोर दिसताच, आत शिरण्यापूर्वी, हलका गिअर टाका. आत गेल्यावर गिअर बदलला की लय तुटते आणि सायकल थांबते. वजन थोडं मागे, हँडल सैल धरलेलं, नजर वाळू संपते तिथे. पुढचं चाक थोडंफार इकडेतिकडे होणारच, त्याच्याशी झगडू नका. पेडल गोल आणि अखंड फिरत राहिलं की सायकल आपली आपण सरळ होते. पाण्यालगतची ओलसर वाळू कोरडीपेक्षा घट्ट असते, पण फार कडेला जाऊ नका. पूर ओसरल्यानंतर काठ खालून पोखरलेला असतो आणि वरून अखंड दिसतो.

चाकोरीत असाल तर चाकोरीतच राहा, वाट रुंद होईपर्यंत. बाहेर पडायचंच असेल तर तिरकं घासत नको. वेग कमी करा, पुढचं चाक हलकं उचला आणि शक्य तितक्या काटकोनात कड ओलांडा. ओल्या लाकडी साकवाला आणि ओल्या मुळांनाही हाच नियम: सरळ जायचं, त्यावर ब्रेक नाही, वळण नाही. चिखल चिकणमातीचा असेल तर उतरून कडेच्या गवतातून चाला. फोर्क आणि चाकाच्या मध्ये ती माती बसली की चाक फिरतच नाही, आणि चिखलात पाडलेला चर सुकल्यावर पुढे येणाऱ्या सगळ्यांना भोवतो.

रानमोकळा:
वरचं सगळं पटलं. एकच भर. शेताच्या कडेने जाणार असाल तर सराटे भेटणार. जमिनीवर पसरलेली वेल, पिवळी बारीक फुलं, आणि त्या काटेरी फळाचं एक टोक कायम वर. ट्यूबवर त्याला उपाय नाही. रिम ट्यूबलेसला (आत ट्यूब नसलेल्या टायरला) चालणारी असेल तर ट्यूबलेस करा, आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला. सराटा काढला की भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा, सीलंट तिथे जमतं आणि बारीक भोक बुजतं. सीलंट काही महिन्यांनी सुकतं, तेव्हा अधूनमधून तपासत जा. ट्यूबलेसवर हवा अजून दोन-तीन पीएसआय उतरवता येते, हा वरचा फायदा. तरी एक सुटी ट्यूब जवळ असू द्याच, मोठ्या चिरेला सीलंट पुरत नाही.

आणि वाट फक्त आपली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मासे धरणाऱ्यांचा गळ मागे फेकला जातो तेव्हा तो वाटेवर येतो, त्यांच्या मागून जाताना आधी आवाज द्या. घोडा दिसला तर लांबूनच बोलायला लागा, त्याला माणूस आहे हे कळलं की तो बुजत नाही. घंटी अगदी जवळ जाऊन वाजवू नका. कुंपणाचं फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. कधीकधी पाण्यावर जाण्यासाठी गुरांकरता ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

दोनचाकी:
वाळू आणि खुरांच्या ठशांचं वाचल्यावर हायब्रिडचा सल्ला मागे घेतो. चेनला मात्र कोरड्या हवेत पातळ, कोरडं वंगणच लावा आणि वरचं पुसून काढा. जाड तेलावर नदीची बारीक वाळू चिकटते आणि दाते झिजतात. धुताना जोराचा फवारा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगवर मारू नका.

शिवारफेरी:
हवा २६ आणि २९ केली, सीट आडवी केली, फोर्क उघडा ठेवून नेहमीच्या वाटेने फिरून आलो. बोटं शेवटपर्यंत जागी होती. खुरांच्या ठशांवर फरक सगळ्यात जास्त जाणवला. मागचं चाक एकदा ठक्‌कन लागलं, म्हणून मागे ३१ करून बघतो. ब्रेकचे दांडे अजून फिरवायचे आहेत. रिम ट्यूबलेसला चालते का ते कुठे पाहायचं?

रानमोकळा:
रिमच्या आतल्या किंवा बाहेरच्या स्टिकरवर इंग्रजीत ट्यूबलेस रेडी किंवा टीएलआर असं लिहिलेलं असतं. टायरच्या कडेलाही तसंच पाहा, दोन्ही चालणारे हवेत. स्टिकर निघून गेलं असेल तर रिमचं मॉडेल इथे टाका, बघून सांगतो.