पांढरी नागीण की फाहाय: खरा दोषी कोण?

रानवारा: हांगचौच्या पश्चिम सरोवराची प्रसिद्ध चिनी लोककथा. हजार वर्षं तप केलेली पांढरी नागीण, बाय सुझन, बाईचं रूप घेऊन शू श्यानशी लग्न करते. दोघं औषधांचं दुकान चालवतात, सगळं छान चाललेलं असतं. मग फाहाय नावाचा भिक्षू नाक खुपसतो आणि तिला लेफेंग पॅगोड्याखाली गाडतो. याला बोलावलं कुणी होतं? नवरा मेला तेव्हा जीव धोक्यात घालून संजीवनी तिनेच आणली ना!

खडूस: अहो, पण मेला कशाने? ड्रॅगन बोटीच्या सणाला मनशीळ (आर्सेनिकचं खनिज) घातलेली दारू पिऊन बाईंचं मूळ रूप उघडं पडलं, ते बघून! लग्नाआधी सांगायला काय झालं होतं? पुढे फाहायच्या चिन्शान मंदिरावर पूर आणला, त्यात निरपराध माणसं बुडाली. हे प्रेम?

रानवारा: नवऱ्याला मंदिरात अडकवून ठेवलं होतं, म्हणून पूर आणला. सुरुवात फाहायची.

जुनीवही: तुम्ही दोघंही नंतरच्या कथेवर भांडताय. 1624 साली चिनी लेखक फंग मंगलोंगने छापलेल्या कथेत मूलबाळ नाही, मंदिर बुडवणं नाही. तिथे तिच्या चोरीच्या मालापायी नवऱ्याला दोनदा हद्दपारी होते आणि माझ्यावर उलटलास तर सगळं शहर रक्तात बुडवीन, अशी ती धमकी देते. शेवटी नवराच तिला पकडायला तिच्या डोक्यावर फाहायचं भिक्षापात्र दाबतो, वर वर्गणी काढून मनोरा बांधतो. तिला सोशिक बायको केली ती पुढच्या नाटकवाल्यांनी.

रानवारा: केली, कारण लोकांना तीच पटली! 25 सप्टेंबर 1924 ला 975 सालचा तो खरा लेफेंग मनोरा कोसळला (घराला लाभते म्हणून लोक विटा काढून नेत होते), तेव्हा चिनी लेखक लू शुनने आनंदाने लेख लिहिला. लू शुनच्या गावाकडच्या गोष्टीत फाहाय खेकड्याच्या कवचात लपून बसलाय.

खडूस: लोकांना पटलं म्हणून बुडालेले परत येतात का? आणि 2002 मध्ये मनोरा पुन्हा बांधलाच की, सरकत्या जिन्यासकट.

ओवी: सगळ्या भानगडीत शू श्यान मात्र नामानिराळा. आधी बायकोला भितो, मग भिक्षूचं ऐकतो. दोषीच शोधायचा तर त्याच्यावर धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.