अनुभव: स्वतःच स्वतःला घालून दिलेले नियम

1930 साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजी दर आठवड्याला आश्रमाला एक पत्र लिहीत. एका पत्रात एक व्रत: सत्य, अहिंसा, अस्वाद, अस्तेय. व्रतांची नावं आश्रमात सगळ्यांना पाठ होती, तरी रोजच्या जगण्यात त्यांचा अर्थ काय हे त्यांना उलगडून लिहावंसं वाटलं. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी 13 गुणांची यादी केली, तेव्हा प्रत्येक गुणाखाली एक छोटं वाक्य जोडलं आणि जिथे चुकला तिथे वहीत काळा ठिपका दिला. मला ही खालची वाक्यंच महत्त्वाची वाटतात. ‘प्रामाणिक राहीन’ हा नियम आज पाळला की मोडला, हे रात्री सांगता येत नाही. ‘समोर नसलेल्या माणसाबद्दल त्याच्या तोंडावर बोलू शकेन तेवढंच बोलेन’, याचं उत्तर देता येतं. हा माझा नियम. शाळेच्या शिक्षकखोलीत तो जड जातो, पण पाळते.

तुम्ही तुमचे लिहा. मोठे शब्द नकोत. नियम कुठून आला, कुठे टोचला, त्याची किंमत कोणी मोजली, हे वाचायचं आहे.

दूध उत्पादक, संगमनेर तालुका

राम कृष्ण हरी. मी माळकरी आहे. पंढरपुरात माळ घातली तेव्हा मिळाले ते नियम ठरलेलेच: दारू-मटण बंद, एकादशी, वारी, रोजचा हरिपाठ, परस्त्री आईसमान. ते मला कधी अवघड गेले नाहीत, कारण सगळं गाव बघत असतं. माळकऱ्याच्या हातात ग्लास दिसला तर गाव सोडत नाही. पण पहाटे गोठ्यात कोण बघतंय?

म्हणून एक नियम माझा मी केला. गाय व्याली की पहिले दोन-तीन महिने दोन सड डेअरीचे, दोन वासराचे. कालवड असो की गोऱ्हा. गोऱ्ह्याला आता कोणी विचारत नाही. ट्रॅक्टर आले, बैलाचं काम संपलं, म्हणून कित्येक गोठ्यांत तो अर्धपोटीच राहतो. डेअरीवर गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट अंश) धरून निघतो. वासरू किती प्यालं, हा रकाना पावतीवर नाही. घट माझ्या खिशाला. पोरगा म्हणतो, दादा, पावडरीचं दूध पाजू. हिशेबानं त्याचं बरोबर आहे. पण ज्याच्यासाठी पान्हा फुटला त्याचं पोट आधी, हे मी ठरवलंय आणि आता ते मोडवत नाही.

कनिष्ठ अभियंता, मराठवाडा

आम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, 1979 लागू आहेत, त्यात भेटवस्तूंबद्दलही लिहिलेलं आहे. माझा नियम त्याहून कडक: ज्याचं बिल माझ्या सहीने निघतं, त्याच्याकडचा दिवाळीचा मिठाईचा डबासुद्धा घरात येणार नाही. कारण साधं आहे. एकदा ‘एवढ्याने काय होतं’ हा प्रश्न घरात शिरला की दर वेळी नवं मोजमाप करत बसावं लागतं. काहीच घ्यायचं नाही म्हटलं की विचारच करावा लागत नाही, समोरच्यालाही अपमान वाटत नाही.

टोचला तो संक्रांतीला. एका कंत्राटदाराच्या पत्नी आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या हळदीकुंकवाला गेले, तर वाणात चांदीची वाटी. बाकीच्या बायकांना प्लास्टिकचे डबे. वाण परत करत नाहीत, हे मलाही कळतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तिळगूळ घेतला, कुंकू लावून घेतलं आणि म्हटलं, ‘वहिनी, मला पण डबाच द्या.’ त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘डबा बरा आहे, डाळीला होईल.’

न्यू जर्सीहून

गाडी चालवताना फोन हातात घेत नाही, सिग्नलला थांबल्यावरसुद्धा नाही. मागे मुलगी बसलेली असते आणि ती सगळं शिकते. माझा एवढाच.

नागपूरहून, बँक कर्मचारी

आमच्या घरी नियम भिंतीवरच होते. 14 ऑक्टोबर 1956 ला आजोबा-आजी दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा नंतर फ्रेममध्ये आल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. आजोबांनी त्या दिवसानंतर दारूला हात लावला नाही आणि ते वाचलेले पैसे आजी मोजून वेगळे ठेवायची. त्यातून तिने स्वतःची एक तेविसावी ओळ केली, ती फ्रेममध्ये नाही: घरातल्या कोणत्याही मुलीचं शिक्षण पैशासाठी थांबणार नाही. माझी आत्या त्यावर नर्स झाली, मी त्यावर बीकॉम झाले. आता आम्ही सगळी चुलत-आत्ये भावंडं दर महिन्याला त्यात पैसे टाकतो. ज्या भावाला मुलगी नाही तोही टाकतो, त्याने कधी विचारलं नाही की मी का. नियम एकट्यानेच पाळायचा असतो असं मला म्हणूनच वाटत नाही.

डॉक्टर, तालुक्याचं गाव

‘कट’. रुग्ण तपासणीला पाठवला की महिनाअखेरीला लॅबकडून पाकीट. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत याला स्पष्ट मनाई आहे, 2017 मध्ये राज्याने स्वतंत्र कायद्याचा मसुदाही केला होता. दवाखाना उघडला तेव्हा मी पाकिटं परत पाठवायचो. मग लक्षात आलं, परत पाठवून रुग्णाचं काहीच वाचत नाही, ते पैसे लॅबकडेच राहतात. तेव्हा नियमाला पुढचा अर्धा भाग जोडला: मला जे देणार होता ते रुग्णाच्या बिलातून कमी करा, आणि चिठ्ठीवर मी तसं लिहीन. काही लॅबवाल्यांनी मला पेशंट पाठवणं बंद केलं. एक लॅब तयार झाली, आणि साखर तपासायला टाळाटाळ करणारी माणसं तिथे वेळेवर जाऊ लागली.

इचलकरंजीहून

अभियंता ताई, हळदीकुंकवावरून लिहिते. वडील गेल्यावर आईला बोलावणी बंद झाली. तेव्हापासून माझा नियम: जिथे आईला कुंकू लावणार नाहीत, तिथे मीही लावून घेणार नाही. मे 2022 मध्ये इथून जवळच्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. त्यानंतर माझं म्हणणं नातेवाइकांना थोडं कमी विचित्र वाटू लागलं. मोठ्या काकूंकडे अजून जात नाही.

मडगावहून, निवृत्त शिक्षिका

माझा नियम वडिलांकडून आलेला: उसने घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत पर्यटक बंद झाले आणि आमच्या वाड्यावरच्या टॅक्सीवाल्यांच्या घरी चूल पेटेना, तेव्हा मी त्यातला दुसरा अर्धा भाग खोडला. नवा असा लिहिला: परत आले नाहीत तरी चालेल तेवढेच द्यायचे, आणि मागायचे नाहीत. बहुतेकांनी हळूहळू फेडले. एकाचे अजून आलेले नाहीत. बाजारात तो मला पाहून रस्ता बदलतो, याचं मात्र वाईट वाटतं. ‘मागणार नाही’ हे देतानाच तोंडाने सांगायचं, एवढी ओळ आता त्यात घातली आहे.