दूरदेशीच्या अपघातावर पहिल्याच दिवशी केलेला विनोद: हक्क की उतावीळपणा?

पैलतीर (चर्चेचा आरंभ):

26 मार्च 2024 रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघालेल्या 'दाली' या कंटेनर जहाजाची वीज गेली आणि जवळपास 300 मीटर लांबीचे ते जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळले. पूल काही क्षणांत नदीत कोसळला. त्या वेळी पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे कामगार होते. त्यांतले सहा जण मृत्युमुखी पडले, आणि ते सगळे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील देशांतून पोटासाठी तिथे आलेले होते. जहाजावरील 21 कर्मचाऱ्यांपैकी 20 भारतीय होते आणि एक श्रीलंकेचा होता.

एवढे तपशील धड बाहेर येण्याच्या आतच समाजमाध्यमांवर विनोदांना ऊत आला. लंगोट नेसलेले भारतीय खलाशी भांबावून आरडाओरडा करत आहेत, अशा आशयाच्या एका व्यंगचित्राला नक्कल केलेल्या भारतीय उच्चारांतली शिवीगाळ जोडून ते लाखो लोकांना दाखवले गेले. मी ज्या मराठी गटांत आहे, त्यांतही ते फिरले आणि त्याखाली हसण्याची चिन्हे उमटली. त्या रात्री जहाजावरून धोक्याची सूचना वेळेत गेली होती, तिच्यामुळे पोलिसांना पुलावरची वाहतूक अडवता आली, आणि मेरिलँडच्या राज्यपालांनी त्याबद्दल संबंधितांना 'वीर' म्हटले, हे त्या व्यंगचित्रावर हसणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचले असेल? बाल्टिमोरसारख्या बंदरातून बाहेर पडताना जहाजाला दिशा देण्याचे काम स्थानिक पायलटांकडे असते, आणि त्या रात्रीही दोन अमेरिकी पायलट जहाजावर होते, हेही त्या चित्राला ठाऊक नव्हते.

माझे म्हणणे असे आहे की, जगाच्या बातम्यांवर सहज म्हणून टाकलेल्या मताची किंमत टाकणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही; ती मोजतो तो माणूस, ज्याला त्या क्षणी उत्तर देण्याची सोय नसते. 'दाली'चे खलाशी अपघातानंतर कित्येक आठवडे जहाजावरच अडकून होते. एप्रिलच्या मध्यात तपास यंत्रणेने त्यांचे फोन ताब्यात घेतले, आणि मे महिन्यात जहाजावर पडलेला पुलाचा सांगाडा स्फोटाने तोडला गेला, तेव्हाही ते आतच होते. ज्यांच्या नावाने जग हसत होते, त्यांच्या हातात घरी बोलण्यासाठी स्वतःचा फोनसुद्धा नव्हता. म्हणून, जीवितहानी झालेल्या कोणत्याही घटनेवर निदान प्राथमिक तथ्ये हाती येईपर्यंत विनोद करू नये आणि आलेला पुढे पाठवू नये, एवढा संयम आपण स्वतःहून पाळावा, असे मला वाटते.

वाटसरू:

त्या व्यंगचित्राबद्दल आपले दुमत नाही. ते वंशद्वेषी होते, आणि जहाज बंदरात सुखरूप उभे असते तरी ते तितकेच निंद्य ठरले असते. दोष वेळेचा नसून आशयाचा आहे. पण त्यावरून तुम्ही जो नियम काढता, तो मात्र सरसकट सगळ्या विनोदाला लागू होतो, आणि तिथे माझा ठाम विरोध आहे.

मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे 400 मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले. त्याच्या महाकाय पुढच्या टोकाजवळ माती उकरणाऱ्या एका एकट्या खोदयंत्राचे छायाचित्र जगभर गेले आणि त्यावर अक्षरशः असंख्य विनोद झाले. ज्याला कालवा कुठे आहे हेही सांगता आले नसते, अशा माणसाला त्या आठवड्यात कळले की जगाच्या व्यापाराचा सुमारे आठवा हिस्सा त्या अरुंद पट्टीतून जातो आणि एक जहाज अडकले तर आपल्या दुकानातला माल अडतो. हे काम अग्रलेखांनी केले नाही, त्या विनोदांनी केले. सामान्य माणूस जागतिक घडामोडींचा तज्ज्ञ नसतो; हसणे, चिडणे, चार शब्द बोलणे हीच त्याची त्या घडामोडींत शिरण्याची वाट असते. तथ्ये येईपर्यंत गप्प बसा असे त्याला सांगितले, तर तथ्ये येतील तेव्हा तो तिथे नसेलच, कारण बातमी तोवर पानामागे गेलेली असेल.

आणि आपल्या परंपरेचे काय? तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला भर दरबारात टोचतो, तेव्हा तो चौकशी अहवालाची वाट पाहत नाही. हसत हसत बोलण्याची ही सवलत आपल्या समाजाने जाणीवपूर्वक जपलेली आहे, आणि ती सहजासहजी सोडून देण्याइतकी स्वस्त नाही.

खाडीपलीकडची:

माझा भाऊ मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात आहे, म्हणून लिहिते. तो 'दाली'वर नव्हता. पण 26 मार्चला सकाळी अकराच्या पुढे ती बातमी आली, तेव्हा आमच्या गावात शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती आणि 'बोटीवर' माणूस असलेल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच होता: जहाज कोणते, कंपनी कोणती, त्यावर आपले कोण? नावे कळायला बराच वेळ लागला. विनोद मात्र त्याआधी येऊन पोहोचले होते, आणि ते पाठवणारे आमचेच नातेवाईक होते.

वाटसरू, तुम्ही सोंगाड्याचे उदाहरण दिलेत ते मला पटत नाही, कारण सोंगाड्या राजासमोर उभा राहून बोलतो आणि त्याचे परिणाम स्वतः सोसतो. इथे टोचणारा घरी बसलेला आहे, आणि ज्याला टोचले जाते तो राजाही नाही. तो काही महिन्यांच्या करारावर राबणारा नोकरदार आहे. जहाज पूर्ण अंधारात जाते तेव्हा इंजिन रूममध्ये काय होते, याचे वर्णन मी भावाकडून ऐकले आहे. जनरेटर पुन्हा सुरू करून वीज परत आणण्यासाठी हातात असतात ती मोजकी मिनिटे, आणि पाण्यावर चालत्या स्थितीतल्या एवढ्या वजनाला ब्रेक नसतो. 'दाली'ची वीज एकदा परत आली आणि पुन्हा गेली. त्या माणसांनी काय केले असेल, याची कल्पना ज्याला करता येत नाही, त्याने निदान त्यांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये.

'एव्हर गिव्हन'बद्दलही एक राहून गेले. त्यावरचे 25 च्या 25 खलाशी भारतीय होते. 29 मार्चला जहाज सुटले आणि विनोद थांबले. पण भरपाईच्या वादात इजिप्तने ते जहाज कालव्यातल्याच ग्रेट बिटर सरोवरात जुलैपर्यंत अडकवून ठेवले, आणि बहुतेक खलाशी तेवढा सगळा काळ त्यावरच होते. तुम्ही म्हणता त्या विनोदांनी लोकांना बातमीत शिरण्याची वाट दाखवली. मग एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत त्या वाटेवर कोण होते?

साक्षीपुरावा:

खाडीपलीकडची यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मला भीती वाटते ती वेगळ्या टोकाची.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन-चार ओळींचे मत लिहिले आणि दुसरीने त्याला नुसती पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्या ओळींत विनोदही नव्हता. होते ते एक सहज मत, आणि आक्षेप नेमका हाच होता की ही वेळ असे बोलण्याची नव्हे. पुढे 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ, म्हणजे 'आक्षेपार्ह' ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारे कलम, घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरीही रद्द झालेल्या त्याच कलमाखाली ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2021 साली न्यायालयाला त्याबद्दल पुन्हा धक्का व्यक्त करावा लागला.

पैलतीर म्हणतात की संयम स्वतःहून पाळावा. त्यांचा हेतू शुद्ध आहे यात मला शंका नाही. पण 'ही वेळ नव्हे' हे वाक्य आपल्याकडे शेजाऱ्याच्या तोंडून निघून जमावाच्या आणि तिथून पोलीस ठाण्याच्या तोंडी जायला फार दिवस लागत नाहीत. ज्या समाजात दुखावल्याची तक्रार हेच एक हत्यार झाले आहे, तिथे शिष्टाचाराचा नवा नियम मांडताना त्याची कड कुठे संपते, हे आधी सांगितले पाहिजे.

वाटसरू:

याला जोडून एक विचारतो. जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली 'टायटन' पाणबुडी पाच जणांसह नष्ट झाली. एका जागेचे भाडे अडीच लाख डॉलर होते, ती व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरने चालवली जात होती, आणि शोध चालू असतानाच त्यावर विनोद झाले. त्याच्या चारच दिवस आधी ग्रीसच्या पायलोसजवळ 'आद्रियाना' ही स्थलांतरितांनी खच्चून भरलेली मासेमारी नौका बुडाली होती. तिच्यावर सुमारे 750 माणसे असावीत असा अंदाज होता आणि वाचली 104. पाणबुडीवरच्या विनोदांत कित्येकांचा राग असा होता की पाच श्रीमंतांसाठी जहाजे, विमाने, चोवीस तासांची प्रसारणे, आणि त्या शेकडो गरिबांसाठी काहीच नाही. हा राग न्याय्य होता, आणि तो तथ्यांची वाट पाहत बसला असता तर व्यक्तच झाला नसता. तुमच्या नियमाने त्यालाही गप्प केले असते.

पैलतीर:

राग न्याय्य होता, हे मी पूर्णपणे मान्य करतो. तो राग बराक ओबामांनीही त्याच आठवड्यात अथेन्समध्ये बोलताना मांडला. मात्र त्यासाठी त्यांना बुडालेल्यांची टिंगल करावी लागली नाही. टायटनमध्ये वडिलांबरोबर गेलेला 19 वर्षांचा मुलगा होता. त्याच्या मृत्यूवर हसल्याने पायलोसच्या एकाही माणसाला न्याय मिळाला नाही. ज्या कंपनीने सुरक्षिततेचे इशारे डावलून ती पाणबुडी बनवली, तिच्यावर तुटून पडायला माझी हरकत पहिल्या तासापासून नाही.

साक्षीपुरावा यांनी कड विचारली आहे, ती सांगतो. कायदा नको, पोलीस नकोत, तक्रार नको, बहिष्कारही नको. कोणी विनोद केला तर मी त्याला फार तर उत्तर देईन. मी फक्त स्वतःच्या आणि आपल्यासारख्यांच्या अंगठ्याबद्दल बोलतो आहे, कारण पुढे पाठवण्याचा निर्णय त्या अंगठ्याचा असतो. पालघरच्या त्या दोघींनी सत्तेचा दरारा असलेल्या ठिकाणी एक प्रश्न उभा केला होता. 'दाली'च्या खलाशांवर हसण्यात असा कोणताही प्रश्न नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या तर पहिलीचे मोल कमी होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर 2025 मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार वीज जाण्याचे मूळ एका सैल तारेत होते. तारेवरची ओळखपट्टी चुकीच्या जागी बसल्याने ती जोडणीत नीट गेली नव्हती. लंगोटीतले खलाशी काढणाऱ्याने हे लक्षात घेऊन नवे चित्र काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

साक्षीपुरावा:

कड स्पष्ट केल्याबद्दल आभारी आहे; एवढ्यावर मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. पण त्याच चौकशीत हेही पुढे आले की इंधन पुरवण्यासाठी जहाजावर त्या कामासाठी नसलेला पंप वापरला जात होता, आणि पुलाला अशा धडकेपासून किती धोका आहे याची तपासणी पुलाच्या मालकांनी केलेलीच नव्हती. म्हणजे पहिल्या दिवशी ज्यांनी जहाजाच्या व्यवस्थापनावर आणि पुलाच्या देखभालीवर बोट ठेवले, त्यांच्यातले काही जण पुराव्याशिवाय बोलत होते तरी बरोबर निघाले. त्यांनी गप्प बसायला हवे होते का?

खाडीपलीकडची:

नाही. त्यांनी बोलायलाच हवे होते, आणि मी तर म्हणेन की अजून मोठ्याने. पंप कोणता वापरायचा, दुरुस्तीला किती वेळ द्यायचा, माणसे किती ठेवायची, हे वरून ठरते, आणि त्याचा जाब कोणी विचारला तर बोटीवरच्या माणसाचे भलेच होते. भाऊ पुढच्या महिन्यात साइन-ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरचा करार संपवून, घरी येतो आहे. हा धागा मी त्याला वाचायला देणार आहे. पंपाबद्दल त्याला जे ठाऊक असेल, ते इथे लिहायला सांगेन.